तो रोबो परत येईल का?

वाचकाचं पत्र (थोडक्यात, ओळख पटेल असे तपशील वगळून)

पत्र एका आईचं आहे. घरात नऊ वर्षांचा मुलगा आणि सहा वर्षांची मुलगी. गेले तीन महिने दोघं अंतराळातल्या साहसांची एक कार्टून मालिका बघताहेत. चार मुलं आणि त्यांचा छोटा रोबो यानात बसून ग्रहोग्रही फिरतात, अशी ती मालिका. मुलांनी नुसतं बघत बसू नये म्हणून आईबाबांनी सुरुवातीपासूनच एक नियम केला: प्रत्येक भागानंतर दहा मिनिटं चर्चा. 'आज काय शिकलात?' हा ठरलेला प्रश्न. बाबा इंजिनिअर आहेत. मालिका चालू असतानाच ते चुका दाखवतात: 'अवकाशात स्फोटाचा आवाज येत नाही', 'यान असं वळूच शकत नाही.' आईला विज्ञानात फारशी गती नाही, म्हणून मुलांनी काही विचारलं की ती 'बाबांना विचारा' म्हणून मोकळी होते.

थोडे दिवस हे चाललं. मग मुलगा रोज 'काही नाही' असं उत्तर देऊ लागला. एकदा म्हणाला, 'आई, परीक्षा घेऊ नकोस ना.' त्यातच मागच्या महिन्यात एक भाग असा आला, की शत्रूच्या ग्रहावरून निसटताना यानाचं दार बाहेरून बंद करावं लागतं. ते काम रोबो करतो आणि तिथेच राहतो. यान निघून जातं. मुलगी हमसून हमसून रडली. भाऊ म्हणाला, 'रडतेस काय, मशीन आहे ते.' बाबा म्हणाले, 'अगं, कार्टून आहे, खरं थोडंच आहे?' तेव्हापासून ती रोज रात्री विचारते, 'तो परत येईल का?' आई सुरुवातीला 'हो, येईल' म्हणाली. पण तो आलाच नाही तर, या धास्तीने आता गप्प बसते.

'मालिका बंद करावी असं मला वाटतं. नवरा म्हणतो, मुलांना विज्ञानाची गोडी लागतेय, एवढ्याशा रडण्यावरून बंद कशाला? अशा मालिकांबद्दल मुलांशी बोलायचं तरी कसं?' असं विचारून शेवटी आईने लिहिलंय: 'ता. क. याच्याशी संबंध नसेल, पण हल्ली ती बाथरूमचं दार लावून घेत नाही. सहा वर्षांच्या मुलीला एवढं कळायला हवं ना?'

प्रिय ताई,

तुमचं पत्र वाचून झालं आणि मी पुन्हा ता. क. पाशी आले. दाराबद्दलची ती दोन वाक्यं तुम्ही जाता जाता लिहिलीत, पण मला सगळ्या पत्रात तीच सर्वांत महत्त्वाची वाटली. तुमच्या लेकीने पडद्यावर काय पाहिलं? एक दार बंद झालं आणि सगळ्यांचा लाडका होता तो पलीकडे राहिला. त्यानंतर घरातलं एक दार ती लावेनाशी झाली. मी तिला भेटलेले नाही, त्यामुळे हेच कारण आहे असं छातीठोकपणे सांगणार नाही. पण लहान मुलांमध्ये बरीच वर्षं काढल्यावर एवढं नक्की सांगते, की सहा वर्षांचं मूल 'मला मागे राहून जायची भीती वाटते' असं बोलून दाखवत नाही. ते दार उघडं ठेवतं. झोपताना रोज तोच प्रश्न विचारतं. चित्र काढताना एकाला यानाबाहेर काढतं आणि त्याच्याबद्दल काहीच सांगत नाही.

म्हणजे ज्या चर्चेसाठी तुम्ही रोज दहा मिनिटं राखून ठेवलीत, ती तिने केव्हाच सुरू केली आहे. तुमच्या ठरलेल्या वेळेला नाही आणि तुमच्या प्रश्नाला धरूनही नाही, एवढंच.

मुलांनी एकटं बसून बघू नये हा तुमचा विचार अगदी रास्त आहे. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१६ साली पालकांना हेच सांगितलं: लहान मुलांबरोबर बसून बघा आणि जे दिसतंय ते समजून घ्यायला त्यांना मदत करा. तुम्ही दोघं रोज वेळ काढून मुलांशेजारी बसता, हे फार मोलाचं आहे. अडचण आहे ती भाग संपल्या संपल्या होणाऱ्या उजळणीची.

मी शाळेत शिकवायचे तेव्हा गोष्ट संपली की 'तात्पर्य काय?' असं विचारायची मलाही सवय होती. पहिल्या बाकावरचा एक मुलगा प्रत्येक गोष्टीचं तात्पर्य 'खोटं बोलू नये' असं सांगायचा. एकदा वाट चुकलेल्या कासवाची गोष्ट होती. तिच्यात कुणी खोटं बोलतच नव्हतं. मी तसं म्हटलं तर तो निरागसपणे म्हणाला, 'पण बाई, हे चालतं ना?' मधल्या सुट्टीत तोच मुलगा मित्राला विचारत होता, 'कासवाला रात्री दिसतं का रे? मग ते चालत का नाही राहिलं?' गोष्ट त्याच्या डोक्यात पुरती घर करून होती. मला हवं होतं ते उत्तर देऊन त्याने ती माझ्यापासून जपून ठेवली होती. त्या दिवसानंतर मी तात्पर्य विचारणं सोडलं.

तुमच्या मुलाचं 'काही नाही' तसंच आहे. त्याला काही वाटलं नाही असा त्याचा अर्थ नाही. जे वाटलं ते 'काय शिकलास' या प्रश्नात बसत नाही. एखादं यान धुमकेतूच्या शेपटीतून जाताना बघून अंगावर काटा आला, तर त्याचं 'शिकलो' या खात्यात काय लिहायचं?

तेव्हा पहिलं काम म्हणजे ती दहा मिनिटं बंद करा. भाग संपला की शेवटची नावं सरकत असतात, तेवढा वेळ गप्प बसा. पहिला शब्द मुलांना बोलू द्या. कधी कुणीच काही बोलणार नाही, चालेल. बोलावंसं वाटलंच तर प्रश्न विचारू नका, स्वतःला काय वाटलं ते सांगा. 'दार बंद होताना माझ्या पोटात गोळाच आला.' बस, इतकंच. मोठ्या माणसाच्या पोटातही गोळा येतो हे कळलं की मुलांना आपलं सांगायला जागा मिळते. आणि खरं बोलणं बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी होतं, भलत्याच कामात असताना. तुम्ही तिच्या वेण्या घालता तेव्हा ती तुमच्याकडे पाठ करून बसलेली असते. तुमचे हात कामात आणि तिची नजर समोर. अशा वेळी मुलं जे बोलतात ते समोरासमोर बसवून विचारलं तर कधीच बोलणार नाहीत. कपड्यांच्या घड्या घालताना, चालत कुठे जाताना, दिवा मालवल्यावर अंधारात, या सगळ्या अशाच जागा आहेत.

आता तिच्या प्रश्नाकडे येऊ. 'कार्टून आहे, खरं नाही' हे तिला माहीत आहे. सहा वर्षांच्या मुलांना चित्रातलं आणि खरं यांतला फरक बऱ्यापैकी कळतो. तिला हे माहीत असूनही रडू आलं, याचा अर्थ रडू खरं आहे. तिच्या बाबांना तिला धीरच द्यायचा होता, मला कळतं ते. पण त्या वाक्याने तिला एवढंच कळलं की याबद्दल रडायचं नसतं. मग रडणं थांबलं आणि दार उघडं राहू लागलं.

'हो, येईल' हे वचन तुमच्या हातातलं नाही, हे तुम्हाला स्वतःलाच जाणवलं. गप्प बसण्यापेक्षा सरळ सांगा. काहीसं असं:

'मला माहीत नाही गं. गोष्ट लिहिणाऱ्यांनी ठरवायचं आहे ते. तो आला तर मलाही खूप आवडेल.'

'पण नाही आला तर?'

'तर आपल्याला वाईट वाटेल. तू मला सांग, तो आता तिकडे काय करत असेल?'

इथे थांबा, आणि ती काय सांगते ते ऐका. 'तो यानाची वाट बघतोय', 'त्याला वाटतंय सगळे त्याला विसरले' असं काही म्हणाली, तर ते रोबोपुरतं नसेल. त्याच दिवशी केव्हातरी, रोबोचं नावही न काढता, तिला जवळ घेऊन म्हणा: 'आपण कुठेही गेलो ना, तर तुला घेतल्याशिवाय मी परत फिरणार नाही.' तिने रोबोबद्दल विचारलं आणि तुम्ही तिच्याबद्दल सांगितलं, हे ती बोलून दाखवणार नाही. पण तिला पोचेल.

तिला सांगण्यासारखी एक खरी गोष्टही आहे. जून २०२४ मध्ये सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर आठेक दिवसांसाठी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर गेले. ज्या यानातून गेले त्यात बिघाड दिसला, तेव्हा धोका नको म्हणून ते यान रिकामंच पृथ्वीवर उतरवलं. त्या दोघांना दुसऱ्या यानाने आणलं, मार्च २०२५ मध्ये, तब्बल २८६ दिवसांनी. तेवढे दिवस त्यांच्याशी जमिनीवरून बोलणं चालू होतं, वर जेवणखाण आणि सामान पोचत होतं, घरी आणायची तयारी सुरू होती. मुलीला ही गोष्ट सांगताना आठ आणि २८६ या दोन आकड्यांपेक्षा हा शेवटचा भाग रंगवून सांगा. मात्र 'म्हणून आपला रोबोही येईल बघ' असं पुढे जोडू नका. ती गोष्ट वेगळी, ही वेगळी.

तुमच्या मुलाबद्दल थोडं बोलायला हवं, कारण घरात जो रडतो त्याच्याकडे सगळ्यांचं लक्ष जातं आणि जो 'मशीन आहे ते' म्हणतो तो सुटून जातो. नऊ वर्षांच्या मुलाला बहिणीसमोर रडायचं नसतं. ते वाक्य त्याने तिला कमी आणि स्वतःला जास्त सांगितलं असेल. त्याला रागावू नका. त्याच्याशी एकट्याशी बोलताना ऑपॉर्च्युनिटीची गोष्ट काढा.

हा मंगळावरचा खरा रोबो. जानेवारी २००४ मध्ये उतरला. मंगळावरचे ९० दिवस टिकावा अशी अपेक्षा होती, तो चौदा वर्षांहून अधिक चालला. आपल्या सहा चाकांवर त्याने ४५ किलोमीटरहून जास्त रपेट केली. २०१८ च्या जूनमध्ये मंगळभर धुळीचं वादळ उठलं, सूर्यप्रकाश झाकोळला, सौर पॅनेलना ऊन मिळेना, आणि १० जूननंतर त्याचा आवाज बंद झाला. इथल्या माणसांनी आठ महिने त्याला हाका मारल्या. फेब्रुवारी २०१९ मध्ये शेवटचा संदेश पाठवला, तेव्हा त्यासोबत एक गाणंही पाठवलं. उत्तर आलं नाही, आणि मोहीम संपल्याचं जाहीर करताना त्या इंजिनिअरांचे, शास्त्रज्ञांचे आवाज भरून आले. ते मशीन आहे, त्याला काही कळत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? त्यांनीच तर ते बनवलं होतं.

'माझी बॅटरी संपत आलीय आणि अंधार पडतोय' हे त्याचं शेवटचं वाक्य म्हणून सगळीकडे फिरतं. रोव्हरने असं वाक्य पाठवलेलं नाही. त्याने आकडे पाठवले, आणि त्या आकड्यांचा अर्थ माणसांनी माणसांच्या भाषेत सांगितला. हेही मुलाला जरूर सांगा. तो बरोबर आहे, ते मशीनच आहे. आणि बहीणही बरोबर आहे, कारण मशीनवरही माणसाचा जीव जडतो. नऊ वर्षांच्या मुलाला या दोन्ही गोष्टी एका वेळी पेलतात.

इथे एक सावधगिरी. अंतराळात मागे राहिलेल्यांचा विषय निघाला की शोधता शोधता मुलगा लायकापर्यंत पोचणारच. ३ नोव्हेंबर १९५७ रोजी स्पुतनिक-२ मधून गेलेली ती कुत्री. तिला परत आणायची सोयच त्या यानात नव्हती, आणि उड्डाणानंतर काही तासांतच उष्णतेने ती गेली, हे जगाला २००२ मध्ये कळलं. सहा वर्षांच्या मुलीला हे आत्ता सांगू नका. तिने थेट विचारलं तर खोटं सांगू नका, पण आपणहून विषय काढायची ही वेळ नव्हे. मुलाने विचारलं तर पूर्ण खरं सांगा. ज्यांनी तिला पाठवलं त्यांच्यातल्या एका शास्त्रज्ञाने पुढे उघडपणे खेद व्यक्त केला, हेही सांगा. आणि ऑगस्ट १९६० मध्ये बेल्का आणि स्ट्रेल्का या दोन कुत्र्या अंतराळात फिरून सुखरूप परत आल्या, हेसुद्धा. पण आधीच्या गोष्टीवर मलमपट्टी म्हणून नको, तेही घडलं म्हणून.

आता मुलांच्या बाबांसाठी. हा भाग त्यांना वाचायला द्या.

दादा, तुमच्याकडे जे ज्ञान आहे त्याचा मुलांना हेवा वाटावा असं आहे. फक्त ते मालिका चालू असताना बाहेर येतं तेव्हा मुलांच्या हातातलं खेळणं काढून घेतल्यासारखं होतं. स्फोटाचा आवाज चुकीचा आहे हे त्याच क्षणी कळलं नाही म्हणून कुणाचं काही अडत नाही. ती चूक मनात टिपून ठेवा आणि सुट्टीच्या दिवशी तिचा खेळ करा.

उदाहरण देते. मालिकेतली मुलं यानात तरंगत असतील. का तरंगतात असं विचारलं तर बहुतेक मुलं, आणि मोठी माणसंही, म्हणतील की 'तिथे गुरुत्वाकर्षण नसतं.' प्लॅस्टिकची एक रिकामी बाटली घ्या. तळाजवळ खिळ्याने एक भोक पाडा. भोकावर बोट धरून बाटली पाण्याने भरा, झाकण लावू नका. अंगणात किंवा गच्चीवर जा. बोट काढा, पाण्याची धार लागेल. मुलांना विचारा, 'आता ही बाटली मी सोडून दिली तर धारेचं काय होईल?' दोघांचे अंदाज येऊ द्या. वाद होऊ द्या. मग हात उंच करून बाटली सोडा. पडत असताना धार थांबते. पाणी बाटलीतच राहतं, कारण बाटली आणि पाणी एकाच वेगाने पडताहेत, पाण्याला बाटलीच्या पुढे जायचं कारणच उरत नाही. मुलांचा पहिल्यांदा विश्वास बसणार नाही. पुन्हा करायला लावतील, मग स्वतः करतील, कपडे भिजतील. चौथ्या-पाचव्या वेळी सांगा: अंतराळ स्थानक जमिनीपासून साधारण ४०० किलोमीटरवर आहे आणि तिथेही पृथ्वीची ओढ इथल्या नऊ दशांश आहे. स्थानक आणि आतली माणसं त्या पाण्यासारखी सतत पडतच असतात. पण ताशी सुमारे २८,००० किलोमीटर वेगाने पुढेही जात असतात, त्यामुळे पडता पडता पृथ्वीला वळसा घालतात, दीड तासाला एक.

हे तुम्ही मालिका चालू असताना एका वाक्यात सांगितलं असतं तर मुलांनी ऐकून सोडून दिलं असतं. त्या ओल्या अंगणातली गोष्ट मात्र ती मित्रांना सांगत सुटतील. असाच एक खेळ संदेशांचा. मालिकेत मुलं दूरच्या ग्रहावरून घरच्यांशी फोनवर बोलावं तशी बोलतात. खरं तर मंगळापर्यंत संदेश जायला, ग्रह कुठे आहेत त्यावर, ३ ते २२ मिनिटं लागतात आणि उत्तर यायला पुन्हा तेवढीच. एक मूल एका खोलीत, दुसरं दुसऱ्या खोलीत. चिठ्ठी लिहायची आणि घड्याळ लावून दहा मिनिटांनीच पोचवायची. 'मी दार उघडू का?' या चिठ्ठीचं उत्तर वीस मिनिटांनी येतं तेव्हा मंगळावरचा माणूस स्वतः निर्णय का घेतो, ते मुलांना आपोआप कळतं.

आणि ताई, तुम्ही. 'बाबांना विचारा' म्हणता त्यात कमीपणा काही नाही, पण त्यातून मुलांना नकळत असं वाटतं की अंतराळ म्हणजे फक्त बाबांचा प्रांत. रोबो परत येईल का, हा प्रश्न मुलीने तुम्हाला विचारला, बाबांना नाही. तुम्हाला ग्रहांची नावं येत नसली तरी चालेल. 'मलाही नाही माहीत, चल बघू या' हे वाक्य मुलांनी आईच्या तोंडून ऐकायलाच हवं, विशेषतः मुलींनी. 'बघू या' म्हटलं तर मात्र खरंच बघा. आठवण ठेवून पुस्तक काढा, फोनवर शोधा, नाहीच सापडलं तर मग दोघी मिळून बाबांकडे जा.

या मालिकेबद्दल मला स्वतःला एक गोष्ट खटकली. तुम्ही 'शत्रूचा ग्रह' असं सहज लिहिलंय, मुलंही तसंच म्हणत असतील. अशा साहसकथांत अख्खा ग्रहच वाईट असतो, तिथले सगळे एकाच रंगाचे, एकाच आवाजाचे. यावर भाषण देऊ नका. एखाद्या दिवशी मुलाला सहज विचारा, 'त्या ग्रहावरची मुलं आपल्या यानाबद्दल घरी काय सांगत असतील रे?' नऊ वर्षांच्या मुलाला हा प्रश्न आवडेल, कारण याचं ठरलेलं उत्तर नाही. कदाचित तो तिथल्या एखाद्या मुलाला नाव देईल. रोबोला तिथे कुणीतरी सांभाळत असेल, ही कल्पना त्यातूनच निघू शकते, आणि ती भावाने बहिणीला सांगितली तर तुम्ही दिलेल्या दहा वचनांहून ती मोठी ठरेल.

याला लागूनच दोघांना व्हॉएजर यानांबद्दल सांगा. १९७७ साली सोडलेली ही दोन यानं परत येणार नाहीत, ती त्यासाठी पाठवलेलीच नाहीत. व्हॉएजर-१ आता इतकं दूर आहे की प्रकाशाच्या वेगाने निघालेला संदेशही तिथे पोचायला जवळजवळ एक दिवस घेतो. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ते असंबद्ध बरळू लागलं. त्याची एक चिप बिघडली होती. इथल्या इंजिनिअरांनी साधारण २४ अब्ज किलोमीटरवरून त्याच्या संगणकातला मजकूर दुसरीकडे हलवला आणि एप्रिल २०२४ मध्ये ते पुन्हा नीट बोलू लागलं. दोन्ही यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे, कधी कुणाला भेटलीच तर म्हणून. तिच्यावर ५५ भाषांत पृथ्वीचे नमस्कार आहेत, त्यांत मराठीतलाही एक आहे. इंग्रजीतला नमस्कार एका सहा वर्षांच्या मुलाच्या आवाजात आहे, पृथ्वीवरच्या सगळ्या मुलांच्या वतीने. तुमच्या लेकीच्याच वयाचा होता तो तेव्हा.

हे तिला सांगून झालं की तुमच्या फोनवर रेकॉर्डिंग सुरू करा आणि विचारा, 'तुला तुझ्या रोबोला काही निरोप द्यायचाय?' ती काय बोलेल ते तिच्यावर सोडा. सुचवू नका, दुरुस्त करू नका, कुणाला ऐकवू नका. रोज रात्री नुसतं विचारत राहण्यापेक्षा रोबोसाठी काहीतरी करायला मिळालं की मुलांचा जीव बराच हलका होतो. भावालाही त्यात घ्यायचं का, हे तीच ठरवेल.

मालिका बंद करायची का? माझं मत, आत्ता नको. अचानक बंद केलीत तर तिच्यापुरती गोष्ट त्या बंद दाराशीच संपेल, आणि रडल्यामुळे आवडती गोष्ट गेली असंही तिला वाटेल. पुढचे भाग आधी तुम्ही दोघांनी बघून घ्या. अशाच प्रसंगाचा एखादा भाग असेल तर आधी सांगा, 'यात एक जागा दुःखाची आहे, तेव्हा मी तुझ्या शेजारीच असेन.' काय होतं ते फोडायची गरज नाही. बघताना तिचे खांदे आखडले, तिने उशी तोंडावर घेतली, तर थांबवायचं का असं विचारा, आणि ती हो म्हणाली तर लगेच थांबवा, भाऊ कितीही कुरकुरला तरी. त्याचा राहिलेला भाग तो नंतर एकटा बघेल. तिने स्वतः 'मला नाही बघायचं' म्हटलं तर बंद, दुसरा प्रश्न नको. झोपण्याआधीच्या तासाभरात मात्र ही मालिका नकोच, तो बदल आजपासून करा.

आणि तीन-चार आठवडे होऊनही तिची झोप मोडत राहिली, तुम्ही दुसऱ्या खोलीत गेलात तरी ती कासावीस होऊ लागली, किंवा खेळताना तोच दाराचा प्रसंग जसाच्या तसा पुन्हा पुन्हा आणि आनंदाशिवाय करत राहिली, तर तुमच्या बालरोगतज्ज्ञांशी बोला. ते गरज वाटल्यास मुलांच्या समुपदेशकाकडे पाठवतील. तसं होईल असं तुमच्या पत्रावरून मला वाटत नाही, पण लक्ष असू द्या.

राहिलं ते बाथरूमचं दार. 'एवढी मोठी झालीस' वगैरे काही म्हणू नका. ते दार सध्या उघडं राहू दे. तिला हवं असेल तर तुम्ही बाहेर उभं राहून काहीबाही बोलत राहा, आवाज येत राहिला की तिला पुरेल. काही दिवसांनी दार अर्धं लोटलेलं दिसेल. मग एक दिवस आतून कडी लागल्याचा आवाज येईल. त्या दिवशी शाबासकी देऊ नका, बाबांना हाक मारून सांगूही नका. हातातलं काम करत राहा आणि ती बाहेर येईल तेव्हा तिथेच असा.